पुडा कमी, भाकरी जास्त: पाळीवर जाणाऱ्या घरातलं खाणं कसं बदलायचं?

शिरोली एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी कुठल्याही टपरीसमोर दोन मिनिटं उभं राहून बघा. वेफर्स-कुरकुरीत पदार्थांच्या माळा लटकत असतात, बरणीत खारी-बटर असतं आणि फ्रीजमध्ये वीस रुपयांच्या रंगीत बाटल्या असतात. फाउंड्रीतून बाहेर पडलेला माणूस आधी बाटली घेतो, मग चहा घेतो आणि घरी जाताना पोरांसाठी दोन पुडे खिशात टाकतो. पुलाची शिरोली, नागाव, टोप, हालोंडी या गावांतल्या बऱ्याच घरांत पाकिटातलं खाणं आलं ते असं. स्वयंपाकघरात कोणी ठरवून आणलं नाही, पाळीच्या वेळेनं आणलं. म्हणून ते बाहेर काढायचं असेल तर घरातल्या बाईला उपदेश करून काही होणार नाही, वेळेचाच बंदोबस्त करावा लागेल.

हल्ली मोबाईलवर 'क्लीन ईटिंग' हा शब्द सारखा दिसतो. तिथं किनोआ, ॲव्होकॅडो, बदामाचं दूध असतं आणि दर बघितले की आपल्यासारख्यांचा विषयच संपतो. आमचं म्हणणं असं, की यातलं काहीही लागत नाही. ज्वारी, शेंगा, डाळ, दही, अंडी, पालेभाजी, ताजं मटण हे सगळं कोल्हापूर जिल्ह्यात मिळतं आणि आपल्या अम्मी-नानीला रांधताही येतं.

काय टाळायचं, हे आधी नीट समजून घेऊ

पाकिटात आहे म्हणून वाईट आणि सुटं आहे म्हणून चांगलं, असा हिशोब चुकतो. पिशवीतलं दूध, पाकिटातली डाळ, रवा, गोठवलेला वाटाणा यांत काही वावगं नाही. उलट बेकरीतली सुटी खारी म्हणजे बहुतेक वेळा मैदा आणि वनस्पती तूप. तिच्यावर लेबलच नसतं, त्यामुळे तपासणार तरी काय?

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली खाण्याची एक विभागणी मांडली. तिला 'नोव्हा' म्हणतात. पहिल्या गटात धान्य, भाजी, दूध, अंडी, मांस. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, गूळ, म्हणजे रांधायला लागणाऱ्या वस्तू. तिसऱ्यात लोणचं, चीज, साधा पाव, खारवलेली मासळी. चौथा गट अति-प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा: इन्स्टंट नूडल्स, क्रीम बिस्किटं, कोल्ड्रिंक, सॉसेज, पाकिटातलं सूप. ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या वस्तू कुठल्याच घराच्या फडताळात नसतात, त्या यांच्या लेबलवर सापडतात. माल्टोडेक्स्ट्रिन कोणाच्या डब्यात असतं?

या चौथ्या गटाचा त्रास साखर-तेलाचाच आहे की आणखी कशाचा, हे तपासायला अमेरिकेतल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ'मध्ये केव्हिन हॉल यांनी प्रयोग केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसांना चार आठवडे एकाच ठिकाणी ठेवलं, दोन आठवडे अति-प्रक्रिया केलेलं जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या जेवणातली साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, तंतू यांचं प्रमाण सारखं राखलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटछाप जेवणाच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोनं वाढलं. साध्या जेवणाच्या काळात तेवढंच उतरलं. माणसं वीसच होती, हे खरं. पण पुडा फोडल्यावर हात का थांबत नाही, याचं उत्तर त्यात थोडंफार मिळतं.

लेबल वाचायची सवय

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे पहिली तीन नावं वाचली तरी निम्मं काम झालं. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या मागे पहिलं नाव मैद्याचं, मग साखर, मग पाम तेल असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट. साखरही वेश बदलून येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज. ही नावं दिसली की साखरच समजा.

मिठाचं गणित बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. लेबलवर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. एखाद्या पुड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर दोन ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय. एका पुड्यात निम्म्याजवळ पोचलो, आणि जेवण अजून बाकीच. साखरेचंही तसंच. २५० मिलिलीटर कोलात साधारण २५ ग्रॅमच्या पुढे साखर असते आणि दिवसाची चांगली मर्यादा तेवढीच धरतात.

पुढच्या बाजूला छापलेल्या शब्दांवर जाऊ नका. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना वर्षानुवर्षं 'हेल्थ ड्रिंक' म्हटलं जात होतं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं त्या नावाखालून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची चीजच नाही.

हलालचा शिक्का आणि तब्येत

आपल्या घरांत लेबल वाचलं जातं ते मुख्यतः एकाच कारणानं: यात काही हराम तर नाही ना? व्हॉट्सॲपवर ई-कोडच्या लांबलचक याद्या फिरतात आणि ४७१ आकडा दिसला की घबराट होते. ४७१ हा तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ आहे. तो वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल, तर कायद्यानं त्यात दूध, मध अशा मोजक्या अपवादांखेरीज प्राण्यापासूनचा कुठलाही घटक चालत नाही. कीटकांपासूनचा लाल रंग, म्हणजे १२० क्रमांक, त्यालाही तोच नियम लागू. मांसाहारी खूण म्हणजे तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. ती दिसली तर मात्र तो घटक कशापासूनचा, हे बघावं लागतं. सौदी-दुबईहून भाऊबंद जी जेली, चॉकलेटं आणतात, त्यांवर ही आपली खूण नसते. तिथं हलालचा शिक्काच बघावा लागतो.

पण गोची पुढे आहे. हिरवा गोल किंवा हलालचा शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो, आणि ती वस्तू पोटाला कशी आहे हा सवालच राहून जातो. दीनमध्ये हलालच्या जोडीनं 'तय्यब' हा शब्द येतो. चांगलं, स्वच्छ, निकोप असा त्याचा अर्थ. हलाल चिकन सॉसेज आणि सलामी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. जनावर हलाल पद्धतीनं कापलं म्हणून त्यात घातलेलं नायट्राइट कमी होत नाही. ओळखीच्या खाटकाकडून ताजं मटण आणून घरी रस्सा करणं कधीही बरं. आता तांबड्या रश्श्यावरची बोटभर तर्री रोज खायची म्हटलं तर तीही निर्दोष नाही, हे कोल्हापूरकरांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

भट्टीपुढचा माणूस काय पितो?

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीचं काम मोठं आहे. भट्टीजवळ, मोल्डिंगला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून घाम वाहतो. तहान लागते, आणि हाताला लागते ती कॅफिनची गोड बाटली. कॅफिनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं असा आपल्याकडे नियम आहे. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी पिऊ नये, हे बाटलीवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तीच बाटली घरी येते आणि पोरगं उरलेली संपवतं. रात्रपाळीत ती प्यायली तर सकाळी घरी येऊन झोप लागत नाही, मग पुढच्या रात्री पुन्हा बाटली.

घामावर उपाय म्हणजे पाणी, आणि जोडीला मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी. फारच थकवा असेल तर ओआरएस. खऱ्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत चारच गोष्टी असतात: १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. त्याच नावाखाली फळांच्या चवीची गोड पेयं डब्यांत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तेवढं बघून घ्या. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी मीठ किती, हे डॉक्टरांना विचारूनच.

घरात बदल कुठून सुरू करायचा?

आम्ही घरी एक गंमत केली. आठवडाभर रिकामे पुडे फेकायचे नाहीत, एका पिशवीत टाकायचे आणि कोणत्या वेळी फोडले ते वर पेनानं लिहायचं. आठवड्यानं बघितलं तर जवळपास सगळे तीन वेळांचे निघाले: सकाळचा चहा, पोरं शाळेतून आल्यावरची वेळ आणि रात्री उशिरा. जेवणात पाकीट फारसं नव्हतंच. तुमच्या घरी वेळा वेगळ्या निघतील, पण आधी त्या शोधा. एकदम सगळं बंद केलं की चौथ्या दिवशी पोरं दुकानात जातात आणि आपणच दहा रुपये देतो.

एका वेळी एकच वेळ धरा. शाळेनंतरच्या भुकेला तयार काहीतरी लागतं, रांधायला सांगून चालत नाही. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, केळं, उकडलेलं अंडं, घरचा चुरमुऱ्याचा चिवडा. डबा हाताला लागेल असा खाली ठेवा आणि पुडे आणूच नका. रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी आदल्या रात्रीची भाकरी, दही आणि कांदा-लसूण चटणी हा नाष्टा खारी-बटरपेक्षा कितीतरी बरा.

चटणीचं सांगायला हवं. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणायची, खोबरं, तीळ, धणे, जिरे भाजायचे, कांदा-लसूण घालून कांडून आणायची आणि वर्षभर बरणीत भरून ठेवायची, ही आपल्या भागातली पद्धत. ही चटणी घरात असली की आमटी, अंडाकरी, रस्सा यांना पाकिटातला मसाला लागत नाही आणि स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो. एका दिवसाची मेहनत वर्षभर वेळ वाचवते. फक्त मीठ तुम्ही घालताय, तेव्हा हात आखडता ठेवा.

गुळाबद्दल दोन शब्द. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच. पण फार पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला हायड्रॉससारखी रसायनं वापरली जातात. पूर्वीपासून रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, त्यानं तयार झालेला गूळ जरा गडद असला तरी घ्यावा. आणि मधुमेह असलेल्यांनी गूळ म्हणजे साखरच समजावी. घाण्याचं तेल परवडत असेल तर जरूर घ्या, परवडत नसेल तर आहे तेच तेल निम्मं वापरा. पैशाच्या मानानं हा दुसरा उपाय जास्त कामाचा.

एक गोष्ट मात्र साफ बोलायला हवी. पाकीट बंद झालं की काम वाढतं, आणि ते वाढतं बहुतेक घरातल्या बाईचं. अम्मीनं किंवा भाभीनं पहाटे उठून दोन पाळ्यांचे डबे करायचे, वरून नाष्टाही घरचाच हवा, हे जमणार नाही आणि टिकणारही नाही. शेंगा भाजणं, लसूण सोलणं, भाजी निवडणं, दह्याला विरजण लावणं ही कामं अब्बांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला करता येतात. सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून तासभर दिला की आठवड्याची निम्मी तयारी होते.

रमजानमध्ये हा बदल सोपाही असतो आणि अवघडही. दिवसभर तोंड बंद, म्हणून चरत राहायची सवय आपोआप तुटते. पण इफ्तारच्या दस्तरखानवर भजी, समोसे, गोठवलेले रोल आणि गडद रंगाचं सरबत एकदम येतं. खजूर, पाणी, फळं, मग नमाज आणि मग जेवण असा क्रम ठेवला तर तळलेलं फार खाल्लं जात नाही. तळण दोन दिवसांआड एकच प्रकार असं ठरवून घ्या. खजुराच्या पाकिटामागेही बघा, स्वस्तातल्या खजुराला चमक यावी म्हणून ग्लुकोज सिरप लावलेलं असू शकतं. सहरीला बिस्किट-चहाऐवजी भाकरी, अंडं किंवा दही घेतलं तर दुपारपर्यंत तग धरता येतो.

घरात कोणाला इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. बिस्किटं, साखरेचा चहा एकदम थांबवला आणि गोळीचा डोस तोच राहिला, तर साखर खाली जाऊन चक्कर येते, दरदरून घाम सुटतो. हे भट्टीपुढं किंवा चालत्या मशीनवर झालं तर जिवावर बेतेल. डोस बदलून घ्या, आणि पहिले काही आठवडे खिशात साखरेच्या दोन पुड्या असू द्या.