जंतूच नाही, तर आकार कशाला विचारता?

रक्तात जंतू सापडलाच नसेल, तर तो गोल होता की दांड्यासारखा, हे डॉक्टरांना विचारून काय उपयोग? माणसाला एवढं शहाणपण शिकवावं लागत नाही. संगणकाला मात्र ते नियमात बांधून द्यावं लागतं: अमुक अट खरी ठरली तरच माहितीचा हा अख्खा गट उघड, नाहीतर त्याचं नावही काढू नकोस. ऑनलाइन अर्जात ‘विवाहित’वर टिचकी मारताच जोडीदाराचे रकाने उलगडतात, ते याच कुळातले.

या कुळाचा एक पूर्वज 1960 च्या कोबोलमध्ये सापडतो. तिथल्या ‘रीडिफाइन्स’मुळे नोंदीतली एकच जागा दोन तऱ्हांनी वाचता येई, कुठली तऱ्हा केव्हा, हे प्रोग्रामरने लक्षात ठेवायचं. निक्लाउस विर्थ यांच्या पास्कलने 1970 मध्ये ती अट नोंदीतच आणली. एका खुणेच्या रकान्यावरून पुढचे रकाने ठरू लागले. पण खूण एक आणि वाचन भलतंच, असं झालं तर भाषा हमखास अडवेलच याचा भरवसा नव्हता.

खरी करामत दिसली ती स्टॅनफर्डच्या ‘मायसिन’मध्ये. 1970 च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या जंतुसंसर्गावर सल्ला देणारी ही प्रणाली लिस्प भाषेत रचली. तिच्यात रुग्ण, त्याच्याकडून घेतलेलं कल्चर (म्हणजे जंतू वाढतात का, हे पाहायला ठेवलेला नमुना) आणि त्यात वाढलेला जंतू, अशी उतरंड होती. वय आणि लिंग रुग्णाच्या गटात. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, हे कल्चरच्या गटात. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याच्या चाचणीचा निकाल, आणि आकार जंतूच्या गटात. कल्चरमध्ये काही वाढलं असं उत्तर आलं की जंतूची नवी फांदी फुटायची आणि तिचे प्रश्न सोबत यायचे. सल्ला ठरवणारे नियमसुद्धा याच गटांप्रमाणे वाटलेले होते. गंमत म्हणजे तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरूनही मायसिन रुग्णालयात रोजच्या वापरात कधी आली नाही.

कारखान्यात उतरली ती दुसरी प्रणाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकाची प्रत्येक ऑर्डर वेगळी असे. कुठला भाग कशासोबत चालतो आणि केबल कुठली लागेल, हे जुळवता जुळवता माणसं मेटाकुटीला येत. त्यासाठी कार्नेगी मेलनच्या जॉन मॅकडरमॉट यांनी ‘आर-वन’ रचली. पुढे तिचं नाव ‘एक्सकॉन’ झालं. ती चार्ल्स फोर्गी यांच्या ओपीएस भाषेत होती. त्या भाषेत प्रत्येक वर्गाचे गुणधर्म आधी जाहीर करायचे आणि नियमांनी त्यांच्यावर अटी लावायच्या. काही शे नियमांनी सुरुवात झाली. 1987 पर्यंत 6,200 नियम आणि 20,000 सुटे भाग झाले होते, आणि दरवर्षी जवळपास निम्मे नियम बदलावे लागत!

दुखणं नियमांच्या संख्येपेक्षा मांडणीत जास्त होतं. कुठला नियम कामाच्या कुठल्या टप्प्याचा, हे त्याच्याच अटींमध्ये दडलेलं असे. एका नियमाला हात लावला की दुसरा कुठे बिघडेल, सांगता येत नसे. म्हणून ‘राइम’ ही नवी शिस्त आली. तिने हे दडलेले गट उघड केले आणि त्यांना नावं दिली. उशिरा सुचलेलं हे शहाणपण एक्सकॉनला महागात पडलं, असंच म्हणावं लागेल.

ऑनलाइन अर्जांसाठीच्या 2003 च्या एक्सफॉर्म्स मानकात अट खरी तरच गट उघडण्याची ही गोष्ट ‘रेलेव्हंट’ या एका गुणधर्मात मावली: गटावर अट लिहिली की आतल्या सगळ्या रकान्यांना ती आपोआप लागू. गावोगावच्या सर्वेक्षणांत मोबाइलवर वापरलं जाणारं ओडीके याच मानकावर उभं आहे. तेव्हा असा फॉर्म बनवणाऱ्यांनी अट प्रत्येक प्रश्नावर न लिहिता गटावर लिहावी. आणि एक ध्यानात ठेवावं: मागचं उत्तर बदलून गट बंद झाला, तर त्यात भरलेली माहिती फॉर्म पाठवताना वगळली जाते.