खटल्याचे इतिवृत्त आणि कल्पित: पोर्ट्समथ, मुंबई, जबलपूर

जबलपूरच्या सराफ्यालगतची कमानिया ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. १९४६ च्या फेब्रुवारीअखेरीस छावणीतील सिग्नल प्रशिक्षण केंद्राचे जवान बराकी सोडून मिरवणुकीने याच शहरात आले. मुंबईत १८ फेब्रुवारीला ‘तलवार’ या नाविक तळावर सुरू झालेल्या बंडाचे ते पडसाद होते. दोन्ही केंद्रे संदेशवहनाची होती, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

अशा घटनेवर कथा रचणारा लेखक प्रथम कोर्टमार्शलची कागदपत्रे शोधतो. आरोप, साक्ष, उलटतपासणी, निवाडा हा क्रम त्याला आयताच नाट्याकृती पुरवतो. ‘बाउंटी’ जहाजावरील १७८९ च्या बंडाबाबत हेच घडले. १७९२ मध्ये पोर्ट्समथ येथे दहा जणांवर खटला चालला आणि तिघे फासावर गेले. एका आरोपीचा वकील स्टीफन बार्नी याने १७९४ मध्ये त्यातील साक्षी छापल्या. सोबत जोडलेली पुरवणी बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन याच्या भावाने, एडवर्डने, सिद्ध केली होती आणि तिचा रोख कप्तान ब्लायवर होता. म्हणजे ज्याला आपण अस्सल साधन म्हणतो, तेही मुळातच एका पक्षाचे कथन होते. पुढे नॉर्डहॉफ व हॉल यांनी १९३२ च्या कादंबरीत पीटर हेवूड या आरोपीवरून रॉजर बायम हा निवेदक घडवला. चाहत्यांच्या अनुरचनांनाही ही वाट मोकळी झाली.

१९४६ च्या नाविकांबाबत ती वाट बंद आहे. लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेच्या खटल्याने लोकमत किती पेटते, हे सरकारने नुकतेच अनुभवले होते; तसा जाहीर खटला खलाशांवर उभा राहिला नाही. शेकडोंना सेवेतून काढण्यात आले आणि फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. कोर्टमार्शल ‘कोणी केले’ असे विचारते, आयोग ‘का घडले’ असे. साधनातील हा भेद साहित्यातही उतरतो. उत्पल दत्त यांच्या ‘कल्लोल’ (१९६५) या बंगाली नाटकाचा पेच कोणा एकाच्या अपराधाचा नाही, शरणागतीचा आहे. इतिहासात बंडखोर २३ फेब्रुवारीला शरण आले. नाटकातील ‘खैबर’ जहाज शरण जात नाही. मराठीत राजगुरू द. आगरकर यांची ‘वडवानल’ ही कादंबरी याच बंडावर आहे.

जबलपूरच्या जवानांना एवढेही लाभले नाही. त्यांच्यापैकी अनेकांची सेवा संपुष्टात आली. पण त्यांची बाजू छापून सराफ्यात विकायला ठेवणारा कोणी बार्नी पुढे आला नाही.