शेफिल्डचे चाकू आणि सांबराचे शिंग

इंग्लंडमधील शेफिल्ड परिसरात चाकू-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरांचा संघ १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाला, आणि पुढील तीन शतके या शहराची ख्याती मुख्यतः तेथील पोलादी पात्यांवर उभी राहिली. घडीच्या चाकूच्या मुठीसाठी लागणारा उत्तम माल मात्र शेफिल्डला बहुतांशी समुद्रापलीकडून आणावा लागे, ही बाब त्या ख्यातीच्या इतिहासात बरीच मागे पडली आहे.

अशा चाकूची मूठ एकसंध नसते. पितळेच्या किंवा लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये मिटलेले पाते व त्यावर दाब देणारी स्प्रिंग, आणि बाहेरून दोन्ही अंगांना खिळ्यांनी जडवलेली आवरणे अशी तिची रचना असते; म्हणून भोक पाडताना न तडकणारा आणि खिळ्याचे टोक ठोकून पसरवताना टिकणारा पदार्थच आवरणासाठी चालतो. मोत्याचा शिंपला देखणा, पण ठिसूळ; म्हशीचे शिंग उष्णतेने मऊ होऊन दाबाखाली सपाट होते, पण पुढे आकसते. हस्तिदंती मुठींसाठी शेफिल्डमधील जोसेफ रॉजर्स यांची पेढी विशेष प्रसिद्ध होती.

या सर्वांत भारतातून जाणाऱ्या सांबरशिंगाचे स्थान वेगळे होते. गुराढोरांचे शिंग केराटिनचे, म्हणजे नखासारख्या द्रव्याचे, असते; सांबराचे शिंग मात्र खरे हाड असून ते गळून पुन्हा उगवते. सर्वच हरणांच्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असला, तरी सांबरात बाहेरचा घट्ट थर अधिक जाड असल्यामुळे कारागिराला गाभ्यापर्यंत न पोहोचता भक्कम आवरण कापता येई आणि वरचा खरखरीत, झाडाच्या सालीसारखा पृष्ठभाग तसाच ठेवता येई, जो ओल्या हातातही घट्ट पकड देतो.

शिंग महाग आणि मागणी मोठी, त्यामुळे गुरांच्या नळीच्या हाडावर खाचा पाडून, ते तपकिरी रंगवून सांबरशिंगाचा आभास निर्माण करण्याची पद्धत रूढ झाली. तिला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण खाचांची घडण व रंगाची छटा यांतून तिचे स्वतंत्र कौशल्य विकसित झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले सेल्युलॉइड, म्हणजे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण, शिंपला आणि शिंग दोन्हींचे रूप घेऊ शके. परंतु ते जुने होऊन विघटित होऊ लागले की त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शेजारचे पातेच गंजते. विसाव्या शतकात डेलरिनसारख्या प्लास्टिकवरही शिंगाच्याच वळ्या साच्यातून उमटवल्या गेल्या.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गळलेल्या सांबरशिंगांच्या वस्तूंची निर्यातही थांबली, आणि परदेशी चाकूकारांना जुना साठा किंवा इतर जातींच्या हरणांची शिंगे यांवर विसंबावे लागले.