कायद्यातले वय आणि गावातले वय

खेड्यातल्या एखाद्या शाळेचा सातवीचा हजेरीपट आणि पुढच्या वर्षीचा आठवीचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून पाहावा. काही मुलींची नावे दुसऱ्या पटावर सापडत नाहीत. 'सतत गैरहजर' एवढाच शेरा असतो. खरे कारण गावाला ठाऊक असते. मुलीचे लग्न झालेले असते.

मुलांच्या वाढीवर कशाकशाचा परिणाम होतो, याची यादी करायला बसलो तर आपण आहार, स्वच्छ पाणी, लसी, शाळा, घरातले वातावरण असे लिहीत जाऊ. मुलीच्या बाबतीत या यादीत लग्नाचे वयही घालावे लागते. ते आधी आले तर तिच्या ताटातले अन्न, तिचे शिक्षण, तिचे काम आणि तिचे शरीर या सगळ्यांचाच हिशेब बदलतो. हे वय पुढे ढकलण्याचे प्रयत्न कसे झाले, याची मराठवाड्यापुरती हकीकत येथे पाहू.

कागदावरची चार वर्षे

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ सालीच बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात तसा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. अंमल १ एप्रिल १९३० पासून होणार होता. मधले सहा महिने हाताशी आहेत हे पाहून लोकांनी लग्ने उरकून घेतली, आणि १९३१ च्या जनगणनेत विवाहित लहान मुलींची संख्या घटण्याऐवजी वाढलेली दिसली!

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सारडा कायदा संस्थानांना लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. देशाच्या कायद्यात मुलीचे वय १९४९ साली १५ झाले, १९७८ साली १८ झाले. २००६ साली जुन्या कायद्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. म्हणजे पहिल्या कायद्यापासून एकोणपन्नास वर्षांत मुलीचे वय कागदावर चार वर्षांनी वाढले. गावात किती वाढले, हा प्रश्न वेगळा आहे.

शरीराचे वेळापत्रक

या चार वर्षांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधी. पाळी आली की घरची माणसे 'मुलगी मोठी झाली' असे म्हणतात, पण वाढ तेथे थांबत नाही. उंचीत आणखी काही सेंटिमीटरची भर पडते, आणि ज्या हाडांच्या कड्यातून पुढे बाळाचे डोके बाहेर यायचे असते ते कमरेचे कडे त्यानंतरही काही वर्षे रुंदावत राहते. लहानपणापासून अन्न कमी पडलेल्या मुलीची वाढ आणखी रेंगाळते.

अशा वेळी दिवस गेले तर एकाच ताटावर दोन वाढत्या जिवांचा हक्क येतो. पाळीमुळे आधीच कमी झालेले लोह बाळाला द्यावे लागते. बाळंतपण अडण्याचा धोका वाढतो. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही वाढते. तसे बाळ मुलगी असेल तर पुढच्या पिढीतही हेच चक्र सुरू होऊ शकते.

पाचोडची संध्याकाळची शाळा

सोलापूर-धुळे रस्त्यावर, पैठण तालुक्यात पाचोड हे गाव आहे. येथे डॉ. अशोक द्यालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यांची संस्था 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या नावाने ओळखली जाते. माता आणि बालकांवर काम करताना त्यांच्यासमोर हाच प्रश्न आला. दवाखान्यात येणारी आई स्वतःच मुलगी असेल, तर उपचार कोठून सुरू करायचा?

मुलीचे किमान वय १८ होऊन वीस वर्षे लोटली होती. तरीही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या भागातल्या मुलींची निम्मी लग्ने सोळाव्या वर्षापर्यंत उरकत होती. संस्थेने पोलिसात तक्रार किंवा भिंतीवर घोषणा असा मार्ग धरला नाही. १९९८-९९ मध्ये तिने अविवाहित किशोरींसाठी गावोगावी वर्ग काढले. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी एक तास, असा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. शाळा सुटलेल्या आणि मजुरीला जाणाऱ्या मुलींना प्राधान्य होते. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, किमान सातवी झालेल्या. विषय होते आरोग्य, आहार, बालसंगोपन, गावातल्या संस्थांचे कामकाज, आणि आपले म्हणणे घरात कसे मांडावे हे. कार्यक्रम आखताना पालकांनाही बरोबर घेतले होते.

शिक्षकांना हा अभ्यासक्रम साधा वाटेल. पण मुलगी रोज एक तास घराबाहेर एका जागी जाते, शिकते आणि सुखरूप परत येते, हे बापाला आणि भावकीला वर्षभर दिसत होते.

आकड्यांची परीक्षा

अशा कामाचे कौतुक करणे सोपे असते, मोजणे अवघड. येथे तुलनेसाठी वर्ग नसलेली गावेही घेतली होती, हे महत्त्वाचे. वॉशिंग्टनच्या 'इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमेन' या संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की वर्ग चाललेल्या गावांत लग्नाच्या वयाचा मध्यक १६ वरून १७ वर गेला. (सगळी वये चढत्या क्रमाने मांडली तर जे बरोबर मधोमध येते तो मध्यक.) अठराच्या आतल्या मुलींच्या लग्नांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. तुलनेच्या गावांत असा बदल झाला नाही. पूर्ण वर्ष वर्गाला गेलेल्या मुलींपेक्षा तुलनेच्या गावांतल्या मुलींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता चौपट आढळली.

येथे एक सावधगिरी हवी. मुलीला वर्षभर वर्गाला पाठवणारे घर आधीच थोडे मोकळ्या विचाराचे असू शकते, तेव्हा चौपट हा आकडा सगळाच वर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. मात्र बदल संपूर्ण गावांच्या आकड्यांतही दिसला, म्हणून तो दुर्लक्षिता येत नाही.

आणि मिळाले किती? एक वर्ष. बासष्ट टक्के लग्ने तरीही अठराच्या आतलीच होती. कारण आईबाप अज्ञानामुळेच लग्न लावतात असे नाही. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते आणि मुकादम उचल देतो ती या जोडीला. हंगामात वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न तेथे खरा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. शेजारच्या परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते.

म्हणून कायदा हवाच. लग्न ठरल्याचे कानावर आले तर १०९८ या क्रमांकावर कळवणे हेही शिक्षकाचे काम आहे. पण पाचोडचा अनुभव त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. पटावरून एखादे नाव गळण्याच्या बेतात दिसले, की त्या घरी जावे, मुलगी दुपारी कोठे असते, तिच्यासोबत कोण असते, शाळा किती लांब पडते हे विचारावे, आणि आईबापांकडे निदान पुढच्या जूनपर्यंतचा शब्द मागावा. पुढचा जून आला, की पुन्हा त्या घरी जावे.