जाते, जलसा आणि टेप

ज्या समाजाला अक्षराची बंदी होती त्याचा इतिहास गळ्यात राहिला, असे आपण व्यासपीठावरून वारंवार म्हणतो. पण गळा माणसाबरोबर जातो. तो आवाज घरातच धरून ठेवण्याचे साधन आपल्या हाती केव्हा आले आणि त्याचे आपण काय केले, हा प्रश्न मात्र आपण टाळत आलो आहोत.

भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाला. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत आणि कोणी गायचे ते कंपनी ठरवी. रात्र जागवणारा आंबेडकरी जलसा तीन मिनिटांत कसा बसावा? ओवी तर दळण सरेपर्यंत चालायची. (बसली असती तरी जातेवालीला बोलावणे आले असते, असे मानण्याचे कारण नाही.)

फिलिप्सची कॅसेट १९६३ची. आपल्या वस्त्यांत ती रुळायला ऐंशीचे दशक उजाडले. 'प्ले' आणि 'रेकॉर्ड' ही बटणे एकदम दाबली की झाले. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघर पोचला. मक्तेदारी सैल झाली, हे मोठेच. परंतु त्याच दोन बटणांनी जुने पुसलेही जाते. शिवाय जे टेप झाले ते बहुतांशी पुरुषांचे, मंचावरचे. घरात टेप होती आणि घरातच जाते होते. तरी आईची ओवी 'गाणे' आहे, असे आपल्याला वाटले नाही. वर्णव्यवस्थेला दोष देताना हा दोष आपल्या पदरी घ्यावा लागेल.

ते काम दुसऱ्यांनी केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे व त्यांच्या सोबतिणींच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत भीमराव आहेत, रमाबाई आहेत. नामांतराला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ज्या वस्तीचे नाव बखरीत नाही तिचा आवाज आज ऐकता येतो.

किनवटचे काय? हा तालुका १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. इथे मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी, गोरमाटी नांदतात. सीमेवरच्या बोलीतले गाणे शोधायला पुण्या-मुंबईहून कोण येणार? आता तर प्रत्येक खिशात फोन आहे. पंखा बंद करावा. पाऊस चालू असेल तर पत्र्याखाली बसू नये. फोन तोंडापासून हातभर लांब, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा; जाते फिरत असेल तर मध्ये जरा जास्त अंतर सोडावे. आधी गाणारीला विचारावे, मग तिचे नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी. ती अडली तर आपण कडवे पुरवू नये. मुद्रणाच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात, कारण फोनही बिघडतो आणि विकलाही जातो.