भैरवगढचा दम आणि सुधारगृहातली पोरं

उज्जैनच्या आपल्या जुन्या मराठी घरांत भैरवगढ म्हटलं की तीन गोष्टी आठवतात: काळभैरव, छिपा मंडळींची छपाई आणि सेंट्रल जेल. मस्तीखोर पोराला "भैरवगढला पाठवू का?" असा दम मिळायचा. पण ज्या पोरांचं पाऊल खरंच वाकडं पडलं, त्यांचं काय करायचं?

हा प्रश्न जुना आहे. 1850 च्या अप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्ह्यातल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली ठेवायची सोय केली. 1857 मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. 1924 मध्ये मुंबई इलाख्यात मुलांचा वेगळा कायदा आला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी. तिचं डोंगरीचं बालगृह मात्र जुन्या तुरुंगातच. 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी जिथे 101 दिवस काढले, तोच तुरुंग! नाव बदललं, भिंती त्याच. 1986 च्या कायद्याने मुलांना जेलमध्ये ठेवायला बंदी केली.

मग ही सुधारगृहं उपयोगी पडली का? माझ्या मते, आतल्या शिस्तीपेक्षा बाहेर पडल्यावर काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. भैरवगढच्या छिपांचंच बघा. त्यांचा पोरगा बापाशेजारी बसून मेण लावायला, रंगात कापड बुडवायला शिकतो. हुनरासोबत त्याला घर, गिऱ्हाईक आणि ओळख आयती मिळते. सुधारगृहातला मुलगा सुतारकाम, शिवण शिकेलही. पण अठराव्या वर्षी बाहेर आला की राहायला जागा नाही, शब्द टाकणारं कोणी नाही. बँकेत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो: जामीनदार नसलेल्या माणसाला कर्ज तर सोडाच, खोलीसुद्धा भाड्याने मिळत नाही.

2015 चा कायदा म्हणतो, शिक्षा भोगलेल्या मुलाला पुढे त्या गुन्ह्यामुळे अपात्र धरू नये. जघन्य गुन्ह्यांचे काही अपवाद सोडून त्याची नोंदही नष्ट करावी. बाहेर पडल्यावर आर्थिक मदतीचीही तरतूद आहे. कागदावर सगळं चोख. पण सरकारी नोंद पुसली तरी मोहल्ल्याची वही कोण पुसणार?

आपल्या ग्रुपवर दुकानं, वर्कशॉप, छापखाने असलेली मंडळी आहेत. जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात जाऊन एकेका पोराला रीतसर पगारावर शिकाऊ म्हणून घेता येईल का? कोणी तयार असेल तर खाली लिहा. सोबत मी येतो.