शेताचे स्थानिक नाव

कडेगाव हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही न हलता गेल्या पावणेदोनशे वर्षांत कितीदा तरी पत्ता बदलून बसले आहे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा ते इंग्रजी अंमलाखालील सातारा जिल्ह्यात मोडू लागले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते त्यात गेले. १९६० साली त्याच जिल्ह्याचे नामांतर होऊन तो सांगली झाला. आणि ज्या खानापूर तालुक्याची कचेरी खानापुरात नसून विट्यास आहे, त्या तालुक्यातून निघून चालू शतकाच्या पहिल्या दशकात हे गाव स्वतःच तालुक्याचे ठाणे झाले. टपालखात्याने मात्र या सर्व उलाढालींकडे निर्विकार दृष्टीने पाहिलेले दिसते, कारण सांगली शहराचा पिनकोड ४१६ ने सुरू होत असताना कडेगावचा अजूनही सातारा आणि कऱ्हाड यांच्याप्रमाणे ४१५ नेच सुरू होतो.

गावाच्या आतली नावे या स्थित्यंतरांपासून अलिप्त राहिली. मोहरमात येथे जे गगनचुंबी ताबूत निघतात, आणि ज्यांच्या भेटींसाठी हिंदू व मुसलमान सारख्याच उत्साहाने लोटतात, ते देशपांड्यांचा, हकिमांचा, शेट्यांचा, बागवानांचा अशा नावांनी ओळखले जातात. त्यांपैकी कोणता कोठून उचलायचा, कोणाचा मान आधी, हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. परंतु तीच नावे घेऊन एखादा मनुष्य विट्याच्या बाजारात चौकशी करू लागला, तर त्याला समोरचा मनुष्य प्रामाणिकपणे सांगेल की असे काही येथे नाही. त्याचे उत्तर खोटे नसते. विचारणाराच चुकीच्या दारात उभा असतो. नावापासून ठिकाणापर्यंत पोहोचविण्याचा जो व्यवहार, त्याचा पुष्कळसा इतिहास हा दारांचा इतिहास आहे: कोणत्या नावाचा अधिकार कोणत्या सीमेपर्यंत चालतो आणि सीमेपलीकडे गेल्यावर कोणास विचारावयाचे, याचा.

जमिनीच्या बाबतीत हा व्यवहार प्रथम लेखी झाला. पाटील आणि कुलकर्णी यांच्या काळात शेत ओळखले जाई ते नावाने: चिंचेचे वावर, थोरला मळा, ओढ्याकडची पट्टी. ही नावे कुलकर्ण्याच्या दप्तरात असत, पण त्यांचा खरा आधार गावकऱ्यांची स्मृती हाच होता. इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी मोजणीची पद्धत बसविली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली, आणि प्रत्येक शेताला हद्दीचे दगड व एक क्रमांक प्राप्त झाला. क्रमांकाचा गुण असा की तो मामलेदारालाही कळतो आणि जिल्ह्याच्या साहेबालाही, आणि दोष असा की तो शेतकऱ्याच्या जिभेवर कधी बसत नाही. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार गावोगाव जमिनींची फेरजुळणी झाली आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. म्हणजे शेत तेच, त्याचे तोंडी नावही तेच, पण मधला आकडा बदलला. आणि जुन्या खरेदीखतात एक आकडा, नव्या उताऱ्यावर दुसरा, अशा अवस्थेत कित्येक वारसांनी तलाठ्याच्या चावडीच्या पायऱ्या झिजविल्या.

या संदर्भात सातबाराच्या उताऱ्यावरील एका जागेकडे वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. गट क्रमांकाजवळच तेथे ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी अक्षरे छापलेली असतात आणि त्यांपुढे नाव लिहिण्यासाठी जागा सोडलेली असते. ज्या कोणी हा नमुना आखला त्याला आकडा आणि नाव ही दोन्ही एकाच कागदावर एकमेकांशेजारी राहिली पाहिजेत याची पक्की जाणीव होती. महसूलखात्याच्या रूक्ष नमुन्यांमध्ये इतकी शहाणी ओळ मला दुसरी आढळलेली नाही. उतारे संगणकावर चढल्यावर ही जागा पुष्कळदा कोरी निघते, ही गोष्ट निराळी.

एकाच नावाची दोन गावे निघाली म्हणजे काय करावयाचे, याचाही तोडगा जुन्या दप्तराने काढून ठेवला होता. हिंगणगाव बुद्रुक आणि हिंगणगाव खुर्द हे भेद त्याच गरजेतून आलेले. आणि बेळगाव जिल्ह्यातही एक खानापूर आहे म्हणून सरकारी कागदांवर आपल्याकडील तालुका कंसात ‘विटा’ लावून हिंडतो. या तोडग्याला देशव्यापी शिस्त दिली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणात जन्मलेले, टपालखात्यात उच्च अधिकारपदावर असलेले आणि संस्कृतात विपुल काव्यरचना करणारे हे गृहस्थ १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेल्या पिनकोडाचे जनक. सहा अंकांपैकी पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा, आणि उरलेले तीन प्रत्यक्ष कचेरी. कलकत्त्याच्या टपालवाल्याला कडेगाव कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही. पत्र कोणत्या दिशेच्या थैलीत टाकावयाचे एवढे त्याला कळले की पुरे, पुढचे पुढचा पाहील.

नेमकी हीच अडचण त्या दशकात अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यापुढे उभी होती. १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेट या जाळ्यात प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता होता, आणि माणसांच्या सोयीसाठी एक नाव. नावे आणि पत्ते यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. कोणाला नवे यंत्र जोडावयाचे असेल तर त्याने तेथे कळवावे, तेथील मंडळींनी फेरफार नोंदवावा, आणि सर्वांनी ती यादी उतरवून घ्यावी. यंत्रे वाढली तशी ही एकट्या दप्तराची पद्धत कोलमडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था मांडली, जिला आज सर्वत्र डीएनएस म्हणतात. तिच्यात कोणाही एकाजवळ संपूर्ण यादी नसते: मूळच्या सर्व्हरला ‘.इन’ कोणाकडे आहे एवढे ठाऊक, ‘.इन’ वाल्याला त्याखालच्या संस्था ठाऊक, आणि संस्थेला आपली यंत्रे. भारताच्या वाट्याचे ‘.इन’ १९८९ साली नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. आणि आमच्या मुलखात १९९८ साली वारणेच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रयोग झाला, ज्याचा ऊस उत्पादकांना मुख्य उपयोग आपल्या उसाची नोंद पाहण्यासाठी झाला.

या भव्य रचनेत एक कोपरा रिकामा राहिला, तो म्हणजे घर. पत्त्यांची टंचाई भासू लागल्यावर १९९६ साली काही अंक खासगी वापरासाठी मोकळे करण्यात आले, त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे आज कडेगावातल्या आणि कानपुरातल्या घरांत एकसारखेच आढळतात, कारण उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थच नाही. अंकांची सोय झाली, पण घरातल्या नावांसाठी तेवढ्या विचारपूर्वक राखीव जागा कोणी ठेवली नाही. मग ज्याने त्याने आपापले कुंपण घातले. विंडोजच्या यंत्रांनी एकमेकांना हाका मारून ओळखण्याची जुनी रीत चालू ठेवली. मायक्रोसॉफ्टच्या लहान कचेऱ्यांसाठीच्या सर्व्हरने ‘.लोकल’ हे उपपद सुचविले. आणि २००२ साली अॅपलने तेच उपपद एका वेगळ्याच रीतीसाठी घेतले, ज्यात मध्यस्थ सर्व्हर नसतोच, तर नाव पुकारले की ज्याचे ते असेल तो स्वतः ‘ओ’ देतो. एका कचेरीत दोन्ही रीती एकत्र आल्या की एकच नाव दोन दारांत विचारले जाई आणि उत्तर येई वा न येई. खानापूरच्या कंसासारखा कंस घालण्याचे कोणाला सुचले नाही. अखेर २०१३ साली ‘.लोकल’ हे या पुकाऱ्याच्या रीतीसाठीच राखीव झाले.

हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला घरातला बिघाड शोधणे सोपे जाते, कारण तक्रार ठरलेली असते: नेट चालू आहे, पण प्रिंटर सापडत नाही. कडेगावसारख्या ठिकाणी याचे पहिले कारण बहुधा विजेत असते. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते कायमचे देत नाही, मुदतीच्या पट्ट्याने देतो. वीज जाऊन आली की कित्येक स्वस्त राउटर जुन्या पट्ट्यांची नोंद विसरतात, आधी जागा झालेला टीव्ही पहिला पत्ता पटकावतो आणि प्रिंटरला दुसरा मिळतो. संगणकात कोणी प्रिंटर अंकांनी जोडून ठेवला असेल, तर तो आता टीव्हीला छापावयास सांगत बसतो. म्हणून सर्वप्रथम राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरचा आजचा पत्ता पाहावा आणि त्या अंकाला पिंग करावे, म्हणजे हाक मारून तो ‘ओ’ देतो का ते पाहावे. अंक उत्तर देतो आणि नाव देत नाही, एवढे सिद्ध झाले म्हणजे तारा, वायफाय आणि प्रिंटर यांवरचा आळ दूर होतो आणि दोष नावांच्या दप्तरात आहे हे निश्चित होते. अंकही उत्तर देत नसेल तर नावांची चर्चाच व्यर्थ.

दुसरे कारण जाड भिंतींचे. जुन्या वाड्यांतून दगडी भिंतींपलीकडे वायफाय पोहोचत नाही म्हणून माडीवर दुसरा राउटर बसविला जातो, आणि बसविणारा त्याला खालच्या राउटरचा हस्तक न करता स्वतंत्र संस्थानिक करून ठेवतो. खाली पत्ते १९२.१६८.१ चे, माडीवर १९२.१६८.० चे. माडीवरून इंटरनेट उत्तम चालते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही, परंतु ‘.लोकल’ चा पुकारा आपल्या जाळ्याची हद्द ओलांडत नाही, आणि माडीवरचा फोन खालच्या प्रिंटरला कितीही हाका मारो, त्या खाली ऐकूच जात नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर तर यंत्रांची परस्परांशी भेट मुद्दामच बंद केलेली असते. उपाय एकच: वरच्या राउटरचा पत्तेवाटपाचा अधिकार काढून घ्यावा आणि त्याला केवळ विस्तारक म्हणून चालवावे.

तिसरे कारण अलीकडचे, आणि माझ्या मते सर्वांत फसवे. ‘.लोकल’ चा पुकारा वगळता घरातली नावे ज्याला ठाऊक आहेत तो एकटा राउटर. आणि यंत्रे मात्र त्याला वगळून परस्पर बाहेर विचारू लागली आहेत. गूगलने २००९ साली ८.८.८.८ हा सार्वजनिक सर्व्हर उघडला, नेट जलद होते या समजुतीने अनेकांनी तो आकडा आपल्या संगणकात घालून घेतला. २०१८ पासून अँड्रॉइड फोनांत ‘खासगी डीएनएस’ ची सोय आली, आणि काही ब्राउझर स्वतःच गुप्त वाटेने बाहेरच्या सर्व्हरशी बोलू लागले. गोपनीयतेच्या दृष्टीने यात लाभ आहे हे नाकारता येणार नाही. पण त्या दूरस्थ सर्व्हरला कडेगावातल्या एका माडीवरचा प्रिंटर कसा ठाऊक असावा? तो ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे शपथेवर सांगतो, आणि विचारणारे यंत्र हा नकारदेखील काही काळ आपल्या स्मरणात जपून ठेवते, इतके की बिघाड दुरुस्त केल्यावरही ते तोच जुना नकार ऐकवीत राहते आणि दुरुस्ती करणारा आपले बरोबर केलेले काम पुन्हा मोडतो. म्हणून कोणताही बदल केल्यावर प्रथम ही साठवण पुसावी, विंडोजमध्ये त्यासाठी ‘आयपीकॉन्फिग’ ची आज्ञा आहे, आणि मगच पडताळा घ्यावा. काहीच साधले नाही तर फाइनलरबाईंच्या काळची ‘होस्ट्स’ नावाची यादी आजही प्रत्येक संगणकाच्या पोटात आहे. तिच्यात एका ओळीत पत्ता व नाव लिहिले की त्या एका संगणकापुरते काम भागते. मात्र ती ओळ लिहून लोक विसरतात, आणि वर्षभराने पत्ता बदलला की तीच ओळ नव्या बिघाडाचे मूळ होते.

घरासाठी राखीव जागा अखेर मिळाली, ती फार उशिरा. ‘.होम’ हे उपपद विकत मागणारे अर्जदार २०१२ साली पुढे आले होते, पण घरोघरीच्या राउटरांनी ते आधीच अनधिकृतपणे वापरून ठेवल्यामुळे गोंधळ होईल, या भीतीने २०१८ साली ते कोणालाच न देण्याचे ठरले. त्याच वर्षी घरगुती जाळ्यांसाठी ‘होम.अर्पा’ हे नाव अधिकृतपणे नेमण्यात आले, आणि २०२४ च्या जुलैत खासगी जाळ्यांसाठी ‘.इंटर्नल’ कायमचे बाजूला काढले गेले. तरीही अनेक राउटरांत अजून ‘.लॅन’ किंवा ‘.होम’ लिहिलेले सापडते. तेव्हा जाणत्याने ते बदलावे आणि प्रिंटर व कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांचे पत्ते त्यांच्या मॅक क्रमांकाशी, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाशी, बांधून राउटरमध्ये राखून ठेवावेत, म्हणजे वीज कितीदाही गेली तरी पट्टा त्यांच्याच नावे राहतो. मोबाईल फोनांच्या बाबतीत हा खटाटोप करू नये. पाळत टाळण्यासाठी ते आता प्रत्येक वायफायवर बनावट मॅक क्रमांक धारण करतात, आणि त्यांच्यासाठी राखलेला पत्ता पुष्कळदा रिकामाच पडून राहतो.